सातव्या होलजवळच्या घराची यादी

गोल्फ हा खेळ मी जन्मात एकदाच पाहिला होता, तोही टीव्हीवर, चॅनल बदलता बदलता. इतक्या सावकाश चालणाऱ्या प्रकाराला खेळ का म्हणतात हे न कळून पुढे गेले होते. तरी या मार्चात माझ्या डोक्यात गोल्फशिवाय दुसरं काही नव्हतं. कांचनबेननं आम्हाला ते घर दाखवलं होतं ना.

कांचनबेन घरांची दलाली करते. बारा वर्षं तिचे ब्लाउज मी शिवतेय, त्यामुळे तिचं माप मला आणि माझं तिला बरोबर ठाऊक. आधी तिनं आम्हाला गोत्रीकडे अकरा नवे फ्लॅट दाखवले. सगळीकडे लिफ्ट, जिम, आणि नमुन्याच्या फ्लॅटमध्ये तोच एक करडा सोफा, ज्यावर बसायचं नसतं. मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचे, की दुपारी उजेड कुठून येतो. बिल्डरची माणसं माहितीपत्रक उलटंसुलटं करून बघायची. अकराव्या फ्लॅटच्या पायऱ्या उतरताना कांचनबेन म्हणाली, "नयनाबेन, तमारे घर नथी जोईतुं. तुम्हाला खिडकी पाहिजे. चला."

खरंच होतं ते. कारेलीबागेतला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पण दोन इमारतींच्या मधे चेपलेला. चोवीस वर्षं मी तिथल्या गॅलरीत मशीन चालवतेय. शिवण कुणाकडे शिकले नाही. लग्नानंतर स्वतःचेच ब्लाउज उसवून, तुकडे फरशीवर मांडून बघत बघत शिकले. तेव्हा डोळे चांगले होते. आता भर दुपारी सुई ओवायला ट्यूबलाइट लावावी लागते, आणि काळ्या कापडावर काळा दोरा आला की मी काम परत पाठवते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरपूर उजेडात काम करा, नाहीतर काम सोडा. काम सोडून मी काय करणार, गोल्फ?

तर ती सोसायटी. रिक्षावाले तिला 'गोल्फवाळी' म्हणतात, तेवढं पुरतं. तीस वर्षांपूर्वी बांधलेली बैठी घरं, आणि आता झाडं घरांपेक्षा मोठी झालेली. लोक इतकी वर्षं एकमेकांशेजारी राहिलेत की कुणाच्या पाटीवर आडनाव नाही, नुसता नंबर. मैदानाकडच्या बाजूला भिंत बांधायची नाही असा तिथला नियम आहे, फक्त तारेचं कुंपण. त्यामुळे घराचं परसदार संपतं आणि हिरवळ सुरू होते. थेट. आम्ही गेलो तेव्हा लांबवर टोप्या घातलेली चार माणसं काहीतरी शोधत वाकली होती आणि त्यांच्यापासून दहा हातांवर एक मोर त्यांच्याकडे दुर्लक्ष करत उभा होता.

कांचनबेननं पूर्वेची खोली उघडली. सहा फुटी खिडकी. दुपारचे तीन वाजले होते, ऊन पलीकडे गेलेलं, तरी समोरच्या गवतावरून उजेड असा आत येत होता की फरशीतला बारीक तडासुद्धा दिसावा. मी मधोमध उभी राहिले आणि माझा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप एकत्र आली, दोऱ्याला पीळ दिल्यासारखं. विश्रामनं, माझ्या नवऱ्यानं, ते पाहिलं. त्यानं खिशातली टेप चाचपली.

घराच्या मालकीणबाई निरुपमाकाकू. वय एकोणऐंशी. त्यांचे आजेसासरे संस्थानात महसुलाकडे मोठ्या हुद्द्यावर होते, आणि काकू अजून त्याच मराठीत बोलतात, इस्त्री केलेल्या. आम्ही दोघं भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले. माझी वाक्यं त्या अशा ऐकायच्या, जसं मी कापड दोन बोटांत धरून बघते, सुती की मिश्रण. त्यात मी विश्रामला अरे-तुरे करते, एकाच कॉलनीत वाढल्यामुळे. त्यावर त्यांनी फक्त भुवई हलवली. यजमान जयवंतराव चार वर्षांपूर्वी गेले. ते रोज सकाळी या मैदानावर खेळायचे. आता काकू जूनमध्ये पुण्याला लेकीकडे राहायला जाणार होत्या.

पैशांचं विश्रामनं आधीच जुळवून ठेवलं होतं. अडचण दुसरी होती. घर बघायला आणखी एक कुटुंब येऊन गेलं होतं आणि त्यांनी सगळ्याची तारीफ केली होती. कांचनबेनच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी पाण्याच्या टाकीचीसुद्धा तारीफ केली. काकू रविवारी ठरवणार होत्या. म्हणून गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो, मी नवी साडी नेसून आणि विश्राम त्याची कामाची पिशवी घेऊन.

विश्राम नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला आहे, एकोणतीस वर्षं. त्या पिशवीत टॉर्च, पाणसळ, छोटी हातोडी, टेप, आणि कार्बन पेपर. कार्बन पेपर आता कुठे मिळतो हे फक्त त्याला माहीत आहे. त्यानं काकूंची रीतसर परवानगी घेतली आणि तो घरात शिरला. मी काकूंसमोर सोनेरी काठाच्या कपातून चहा घेत बसले. आतून ठक ठक ऐकू यायचं, मग शांतता, मग नळ, मग गच्चीवर पावलं. काकू विचारत होत्या, मुलगी काय करते. मी सांगत होते, यशश्री पुण्यात नोकरीला आहे, आणि प्रत्येक ठक्‌ला मला ठसका लागत होता. दोन तासांनी तो खाली आला. केसांत कोळ्याची जाळी, तोंडभर आनंद. असा चेहरा मी त्याचा फक्त कारखान्यात एखादं मोठं काम वेळेत संपलं की पाहिलाय. मग तो डायनिंग टेबलाशी बसून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. मला वाटलं, मापं उतरवतोय. निघताना त्यानं एक कागद साखरेच्या भांड्याखाली ठेवला, नमस्कार केला, आणि आम्ही बाहेर पडलो.

संध्याकाळी कांचनबेनचा फोन आला. बा, म्हणजे काकू, भयंकर चिडल्यात, म्हणाली. माझं घर काय दवाखान्यात दाखल झालंय की तपासून रिपोर्ट लिहिला, असं म्हणाल्या. आता परत येऊ नका असा निरोप होता. "आ शुं करी नाख्युं, काय केलंत हे तुम्ही लोकांनी?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मी विश्रामकडे वळले. तो शांतपणे भाजी निवडत होता. त्याला खरोखर कळेना की चुकलं काय. त्यांच्याकडे कुठलाही नवा प्लांट ताब्यात घेताना पंच लिस्ट करतात, म्हणजे काय काय बिघडलेलं आहे त्याची यादी. प्रत्येक दोषासमोर वर्ग लिहायचा. 'अ' म्हणजे हे दुरुस्त झाल्याशिवाय ताबा नाही, 'ब' म्हणजे नंतर केलं तरी चालेल. खाली दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. त्यानं घेणाऱ्याच्या जागी सही करून प्रत ठेवली होती. मी म्हटलं, अरे, पण त्यांना कशाला दिलीस, आपल्यापुरती ठेवायची ना. त्यावर त्यानं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"एक प्रत देणाऱ्याला द्यावीच लागते, नयना. नाहीतर ती चुगली होते."

आता या माणसाशी काय भांडायचं? तरी भांडले. एकोणतीस वर्षांत लग्नाची पंच लिस्ट का केली नाहीस तेही विचारलं. तो म्हणाला, ताबा आधीच झाला होता.

शुक्रवारी तो कामावर गेल्यावर मी त्याची प्रत काढून वाचली. त्रेसष्ट मुद्दे, शाळेत काढायचा तसल्या ठसठशीत अक्षरात. सुरुवातीला मला घाम फुटला. मग वाचता वाचता वेगळंच वाटायला लागलं. पायरीचा कोपरा, मोरीची जाळी, गच्चीवर जाताना डोक्याला लागणारी पट्टी. हा माणूस त्या घरात दोन तासांत राहून आला होता. आपला करकरणारा पलंग त्यानं सहा वर्षं दुरुस्त केलेला नाही, पण तिथल्या माळ्याच्या कडीचासुद्धा आकार लिहिला होता. मी ठरवलं की निदान एवढं काकूंना तोंडानं सांगायचं. घर गेलं तर गेलं.

शनिवारी दुपारी दोनला रिक्षा करून गेले. काकूंनी दार उघडलं. या म्हणाल्या नाहीत, पण दार उघडं ठेवून आत गेल्या, तेव्हा मीही गेले. टेबलावर तीच यादी होती आणि तिच्या समासात लाल पेन्सिलीनं बारीक बारीक लिहिलेलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"आधी वाचा. मोठ्यानं. मला ऐकायचं आहे हे माणसाच्या तोंडून कसं वाटतं ते."

मी वाचायला लागले. चौथा मुद्दा, मुख्य दार उघडताना करकरतं, बिजागरीला तेल द्यावं. समासात काकूंचं उत्तर होतं : मुद्दाम ठेवलं आहे. कोण केव्हा आलं ते कळतं. तेल देऊ नये.

अकरावा, पूर्वेच्या खिडकीची तीन तावदानं तीन जातींची. उत्तर : सातव्या होलवरून डावीकडे चेंडू मारणारे तिघे होते. एक वारले. उरलेल्या दोघांत सुधारणा नाही.

मला हसू आलं, पण काकूंचा चेहरा सरळ होता, म्हणून मी ते गिळलं. बाविसावा, मागचं कुंपण खालून वीतभर मोकळं, मैदानातल्या तळ्यातली मगर आत येऊ शकते. उत्तर : दोनदा आली होती. फटीत बसली नाही.

तिथे मात्र माझा बांध फुटला. मी पदर तोंडाला लावून हसले आणि वर बघितलं तर काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. "पस्तीस वाचा," म्हणाल्या. पस्तीस म्हणजे स्वयंपाकाचा ओटा एका बाजूला अर्धा इंच उतरता. त्यावर त्यांनी लिहिलं होतं : पाणी मोरीकडे जातं. याला दोष म्हणत नाहीत, अक्कल म्हणतात.

"हे बरोबर आहे, काकू," मी म्हटलं. "त्याला स्वयंपाकघरातलं काही कळत नाही. हा एक खोडून टाका."

"मी खोडणार नाही. त्यांनाच खोडू द्या."

असं करत आम्ही पुढे गेलो. काही मुद्द्यांवर त्यांनी नुसतं 'मान्य' लिहिलं होतं, काहींवर 'अमान्य', एकावर 'हे मला माहीत नव्हतं, आभारी आहे'. मी वाचत होते आणि माझा आवाज चढत होता. मला वाटायला लागलं होतं की जमलं, जमलं. मग अठ्ठेचाळीस आला. न्हाणीघरातला धरून उठायचा दांडा, चारपैकी दोनच स्क्रू भिंतीत धरलेले. वर्ग अ. त्यापुढे समास कोरा होता.

काकूंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

तो दांडा जयवंतरावांनी स्वतः बसवला होता, त्यांनी सांगितलं. शेवटच्या वर्षी. हात थरथरायचे, तरी प्लंबरला बोलावू दिलं नाही. निरूसाठी मी करणार, म्हणाले. एक अख्खी सकाळ लागली. गुरुवारी यादीत तो मुद्दा वाचून काकूंचं डोकं फिरलं होतं, बाकी बासष्ट मुद्द्यांचं त्यांना काही नव्हतं. कोण कुठला परका माणूस येतो आणि यांच्या कामाला वर्ग अ लिहून जातो.

"मग काल सकाळी मी तो हलवून पाहिला," काकू म्हणाल्या. "हलतो. चार वर्षं रोज मी त्याला धरून उठते आहे. लेक येऊन गेली, जावई येऊन गेले, ती वाहवा करणारी मंडळी आली. कुणी हात लावून पाहिला नाही."

 मी शिवणारी बाई. उसवलं असेल तर आधी टाका घालायचा, बोलणं मागाहून, एवढंच मला येतं. मी विचारलं, विश्रामची पहिली पाळी तीनला सुटते, त्याला बोलावू का. घराचं जे ठरवायचं ते ठरवा, दुसऱ्यांना द्या हवं तर, पण तो दांडा आज पक्का होऊ दे. काकूंनी मान हलवली. होय की नाही ते नीट कळलं नाही, तरी मी फोन लावला.

विश्राम चारला आला, कारखान्याचे जड बूट घालूनच. दाराशी ते काढून ठेवले, मोज्यांनी आत आला, काकूंना नमस्कार केला आणि विचारलं, कुठल्या मुद्द्यासाठी बोलावलं. अठ्ठेचाळीस म्हटल्यावर तो काही न विचारता न्हाणीघरात गेला. आम्ही दोघी दारात उभ्या. मला धडकी भरली होती की आता हा सगळा दांडा उखडणार आणि नवा आणायच्या गोष्टी करणार. मी त्याला जयवंतरावांचं काही सांगितलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता.

त्यानं टॉर्च लावला, एकेक स्क्रू फिरवून पाहिला, मग गुडघ्यावर बसूनच मागे वळला.

"काकू, हे वरचे दोन फार पक्के बसलेत. ज्यानं बसवले त्यानं वेळ देऊन बसवलेत. ते मी काढत नाही. खालचे दोन विटांच्या सांध्यात गेलेत, तेवढे बदलतो. चालेल?"

काकूंनी दाराची चौकट धरली. "चालेल," म्हणाल्या. मग दांड्याकडे बघत, "वेळ दिला होता खरा."

काम वीस मिनिटांचं. शेवटी विश्रामनं स्वतः पूर्ण वजन टाकून दांडा ओढून पाहिला, मग मला ओढायला लावला, मग काकूंना. काकूंनी ओढला, आणखी एकदा ओढला, आणि बाहेर येऊन टेबलाशी बसल्या. यादी सुलटी केली. अठ्ठेचाळीसपुढे लाल पेन्सिलीनं 'झाले' लिहिलं. पस्तीसवर बोट ठेवून त्यांनी विश्रामकडे पाहिलं. त्यानं समास वाचला, कान खाजवला आणि मुकाट्यानं ओट्याचा मुद्दा खोडला.

"आता तुमचं राहिलेलं सांगते," काकू म्हणाल्या. "तुमची यादी अपुरी आहे."

विश्राम एकदम ताठ बसला. एकोणतीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नसावं.

काकूंनी लिहायला घेतलं. चौसष्ट, श्रावणात मागच्या खोलीच्या वायव्य कोपऱ्यात ओल येते, आत्ता उन्हाळ्यात दिसणार नाही. पासष्ट, पहाटे साडेसहाला गोल्फवाले सातव्या होलपाशी येतात आणि त्यांच्या शिव्या स्वच्छ ऐकू येतात, त्यात निवृत्त न्यायाधीशसुद्धा आहेत. विश्राम प्रत्येकाला वर्ग सांगत होता, काकू लिहीत होत्या. चौसष्ट, अ. पासष्टवर दोघांची थोडी चर्चा झाली आणि ब ठरला.

मग त्यांनी सहासष्ट आकडा घातला आणि थांबल्या. पेन्सिल कागदावर टेकवून म्हणाल्या, "दुपारी या घरात फार शांत असतं. चार वर्षं मी रेडिओ लावून ठेवते. याला कुठला वर्ग देता तुम्ही?"

 विश्रामच्या रजिस्टरात हा दोष नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी काही विचार न करताच बोलून गेले.

"काकू, माझं मशीन आलं की हा मुद्दा राहणार नाही. जुनं पायाचं आहे, अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. कारेलीबागेत खालच्या ट्यूशनवाल्या बाई रोज तक्रार करतात."

"दुपारी चालवता?"

"उजेड असेपर्यंत."

काकूंनी सहासष्ट आकड्यावर एक आडवी रेघ मारली. सावकाश, पट्टी न घेता, तरी सरळ. मग त्यांनी फोन मागितला आणि मी कांचनबेनला लावून दिला. इस्त्रीच्या मराठीतून इस्त्रीच्या गुजरातीत जात त्यांनी सांगितलं की त्या दुसऱ्या मंडळींना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. सोमवारी बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, करायचं, कागद तयार ठेवा. पलीकडून कांचनबेन इतकी मोठ्यानं बोलत होती की टेबलाच्या या टोकाला मला 'पेंडा', म्हणजे पेढा, हा शब्द तीनदा ऐकू आला.

मी खुर्चीतच बसून होते. उठावं, पाया पडावं, काहीतरी शोभेल असं बोलावं, एवढं कळत होतं. विश्राम काकूंना विचारत होता की जूनमध्ये ताबा, तोवर दर शनिवारी येऊन अ वर्ग संपवत आणला तर चालेल का. काकू म्हणाल्या, शनिवार चालतील, पण त्यांच्यासमोर. आणि माझ्याकडे वळल्या.

"तू जूनची वाट पाहू नकोस. मशीन पुढच्या आठवड्यातच पूर्वेच्या खोलीत आणून ठेव. मी जायच्या आधी मला ते ऐकू दे."

तू म्हणाल्या मला. मी होय म्हटलं की नाही आठवत नाही. विश्रामच्या पिशवीतून टेप ओढली आणि पूर्वेच्या खोलीकडे धावले. पन्नाशीची बाई, गुरुवारचीच नवी साडी, धावले. खोलीत पाचचा उजेड होता. बाहेर हिरवळीवर कुणीतरी मारलेला चेंडू गवतातून घरंगळत येत होता आणि कुंपणाच्या अलीकडे येतो की पलीकडे राहतो हे बघायला मी थांबले नाही. माझ्या मशीनचं टेबल तीन फूट, खिडकी सहा फूट. मागून विश्राम ओरडून सांगत होता, दोनदा मोज.

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बसत होतं.